घाटाखालची भाजावळ

पंढरपूरहून मोटारसायकलवर एकटाच रत्नागिरीला निघालो, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढले. पहिला मुक्काम कोल्हापूरला केला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मलकापूर मागे टाकले, आंबा घाट उतरलो आणि साखरप्याच्या अलीकडे क्लचची वायर तुटली.

गाडी ढकलत एका घरापाशी आलो. वैशाखाचे दिवस. वारा पडलेला पाहून एक म्हातारी खाचरात राब भाजत होती. खाली शेण, त्यावर कवळ, गवत, पातेरा आणि वर मातीचा पातळ थर. माझ्यातला कृषी अधिकारी लगेच बोलू लागला, "आजी, हा पाला जाळून काय मिळतं? खड्ड्यात कुजवला तर चांगलं खत होईल."

तिने आधी गूळ-पाणी दिले. मग म्हणाली, "बाबा, न भाजलेल्या वाफ्यात रोप कुठलं नि तण कुठलं, ते निवडायला पावसात तू येशील काय?"

मी गप्प झालो. आगीने वरच्या मातीतले तणाचे बी मरते, हे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो. आमच्याकडे तीस वर्षे मी उसाचे पाचट जाळू नका म्हणून सांगत आलो. ते चुकीचे नव्हते. पण माणूस काडी का लावतो, हे एकदाही विचारले नाही. आता निवृत्तीला दहा महिने उरलेत.

तिच्या नातवाने साखरप्याहून वायर आणेपर्यंत दुपार टळली. तोवर मी दाताळ्याने कडेचा पाला आत ओढत होतो. मांडवीला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र नुसता ऐकू आला.