८६ कोटींची पर्स आणि आपली बाजाराची पिशवी

मंडळी, आज राजकारण नाही, पर्सवर लिहितेय. हसू नका, विषय शेवटी आपल्या तालुक्यावरच येतो.

माझी भाची रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला आहे. तिच्या मैत्रिणीनं मोठ्या ब्रँडची पर्स घेतली, तेव्हापासून हिचं चित्त थाऱ्यावर नाही. "मावशी, हप्त्यावर मिळते गं!" पर्सची किंमत हिच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. घरातले सगळे तिच्यावर तुटून पडले. मला ते पटलं नाही. कर्ज काढून बुलेट घेतली की हौस, शर्यतीच्या बैलाला लाखो मोजले की घराण्याची शान, आणि पोरीनं पर्स मागितली की उधळपट्टी? चारचौघात आपल्याला मान मिळावा ही भूक सगळ्यांची सारखीच.

पण हिशोब करायलाच हवा. १० जुलै २०२५ ला पॅरिसच्या लिलावात एक जुनी, वापरून झिजलेली पर्स ८६ लाख युरोला गेली. शंभर रुपयाला युरो धरा, ८६ कोटी झाले. हर्मेस कंपनीनं अभिनेत्री जेन बर्किनसाठी बनवलेली ती पहिली 'बर्किन'. तिची गोष्ट गमतीची आहे. विमानात या बाईंचं सामान सांडलं. शेजारी कंपनीचे प्रमुख बसले होते. लेकुरवाळ्या बाईला पुरेल अशी पिशवीच मिळत नाही, अशी तक्रार बाईंनी केली आणि त्यातून ही पर्स जन्मली. म्हणजे मूळ गरज आपल्यासारखीच, लेकराचं सगळं सामान मावावं! आज तीच पर्स लोक कपाटात जपून ठेवतात. पाऊस लागायला नको, ओरखडा पडायला नको.

पुढे तर कहर झाला. २०२३ मध्ये मिठाच्या कणापेक्षा बारीक पर्स ६३ हजार डॉलरच्या वर विकली गेली. बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. शिरूरहून एसटीनं पुण्याला जाणाऱ्या बाईला डबा, पाण्याची बाटली, छत्री, मोबाईल न्यायचा असतो. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उभं राहताना ब्रँड कामाला येत नाही, मजबूत बंद आणि चेन लागते.

वापरायला गैरसोय हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा खरा प्रश्न वेगळा आहे: एवढे पैसे जातात कुठे? २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयात डिओरच्या एका उपकंपनीचं प्रकरण आलं. २६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीचे ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते, असं कागदपत्रांतून पुढं आलं. चामड्याचा खर्च वेगळा, तरी बघा: दोन लाख साठ हजारांची बॅग आणि जुळणीचे पाच हजार तीनशे. न्यायालयानं कंपनीवर देखरेख बसवली. सुधारणा झाल्यावर ती उठली.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ पासून जीआय मानांकन आहे. लोक पेटून उठले, महाराष्ट्र चेंबरनं पत्र पाठवलं. कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. डिसेंबरात लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार झाला. सुमारे २००० जोड इथेच बनवायचे, किंमत ८०० युरोच्या आसपास. आवाज उठवला म्हणून निदान नाव तरी मिळालं. कारागिराच्या हातात किती पडतं, यावर मात्र आपण लक्ष ठेवलं पाहिजे.

आता शिरूरकडे या. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. आपल्या बचत गटाच्या ताया कापडी पिशव्या, पर्स शिवतात. मजुरी नगावर, दोरा आणि लाईट बिल स्वतःचं, आणि पैसे मिळायला महिनोन् महिने. परदेशी कंपनी कारागिराला तुटपुंजं देते म्हणून आपण चिडतो, आणि इथे पिशवीला दहा रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतो. हे बरं नव्हे.

माझं म्हणणं साधं आहे. लग्नात आहेराच्या पिशव्या, कंपन्यांची दिवाळी भेट, नगरपरिषदेचे कार्यक्रम, सगळीकडे तालुक्यातल्या गटांना ऑर्डर द्या. अटी तीनच: दोरा आणि वीज धरून दर ठरवा, महिन्याच्या आत पैसे द्या आणि पिशवीवर गटाचं नाव छापा. नावाला किंमत असते हे त्या परदेशी कंपन्यांनीच शिकवलंय ना?

भाचीला मी अडवलं नाही. एवढंच सांगितलं, "हप्ते फिटेपर्यंत पर्समध्ये ठेवायला काय उरेल ते बघ आणि मग ठरव." ती अजून विचार करतेय.

तुमच्या ओळखीत शिवणकाम करणारा गट असेल तर कमेंटमध्ये गटाचं आणि गावाचं नाव टाका. लग्नसराई तोंडावर आहे, यादी आपणच करू.