मोहाचा पानगा

घुग्घुस म्हटलं की कोळसा! चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीजवळचं हे गाव. इकडे खाणी, तिकडे सिमेंटचा कारखाना. दोरीवर पांढरं पातळ वाळत घालावं, तर संध्याकाळी राखाडी होऊन हातात यावं. ह्यांची बदली इथं झाली तेव्हा मी अगदी रडवेली झाले होते. इथंच एक सुवासिक पक्वान्न शिकेन, असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचं माहेर सिंदेवाहीकडचं. 2018 च्या चैत्रात त्या मला तिकडे घेऊन गेल्या. पहाटेच टोपल्या घेऊन निघालो, तेही दहाबाराजणी मिळून, मोठमोठ्यानं बोलत. वाघाची भीती खरीच असते हो! मोहाखाली मलईच्या रंगाची गुबगुबीत फुलं पडली होती, अजून एकेक टपकत होतं. वास असा दाट, की नाकाबरोबर तोंडालाही गोड लागावा.

हौसेनं पिशवीभर ताजी फुलं आणली आणि स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. इथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर फुलं आंबून घरभर भट्टीचा वास! दारूबंदीचे दिवस. बायकांनीच मोर्चे काढून मागितलेली ती बंदी जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून लागू होती. शेजारच्या वहिनी दारात येऊन नाक उडवून गेल्या. पण खरं दुखलं ते सासूबाईंचं. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेलेला. पदर नाकाला लावून त्या एवढंच म्हणाल्या, "हे आपल्या घरात?" आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

मी फुलं उकिरड्यावर टाकली. मावशींना कळलं तेव्हा त्या हसल्याच. "बाई, फुलाले कायचा दोष जी? वाळवाले पायजे होतं ना!" चार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या घरची वाळलेली फुलं आणून दिली. मनुकांसारखी लालसर, वासही थोडा मनुकांचा, थोडा काकवीचा.

वाटीभर फुलं तीन पाण्यांनी धुवावीत, जमिनीवरची असतात, रेती राहते. कोमट पाण्यात तासभर भिजवून आतले केसर चोळून काढावेत. आळस केला तर घशात खवखवतं. मग थोड्या पाण्यात मऊ शिजवून वाटावीत. दोन वाट्या कणीक, दोन चमचे तुपाचं मोहन, मीठ चिमूटभर. गूळ नकोच, फुलं पुरेशी गोड असतात. दोन चमचे चारोळी किंचित भाजून घालावी. ती लवकर खवट होते, म्हणून घेताना एक दाणा चावून पाहावा. चारोळी इथल्याच जंगलातली, चाराच्या फळातली. वेलदोडा मात्र घालू नका, मोहाचा वास मारतो. शिजवल्याच्याच पाण्यात घट्ट भिजवून बोटभर जाड थापावं, तूप लावलेल्या पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवावं आणि जाड तव्यावर झाकण घालून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावं. पान करपलं की पानगा झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात अधिक छान होतो. कोळशाला आमच्याकडे तोटा नाही, म्हणून एकदा त्याच्या शेगडीवर केला, तर नुसता धुरकट लागला!

पहिला पानगा सासूबाईंपुढे ठेवला, कशाचा ते न लपवता. त्यांनी कितीतरी वेळ हात लावला नाही. मग एक तुकडा मोडला, हुंगला, तोंडात टाकला. काही बोलल्या नाहीत. दुपारी पाहिलं, तर उरलेला अर्धा ताटलीखाली झाकून त्यांच्या खोलीत होता.

2021 साली चंद्रपूरची बंदी उठली. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासूनची अजून आहे. मोहफुलं गोळा करण्यावरचे, नेण्याआणण्यावरचे निर्बंधही शासनानं 2021 मध्येच काढले. दारूबंदी उठल्याचं सासूबाईंना वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण चैत्र लागला की मावशींना त्याच विचारतात, "यंदा फुलं वाळली का गं?" आणि पळसाची पानं धुऊन, पुसून तयार ठेवतात.