आज राजवाडा बंद आहे!

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. टॅक्सी मात्र सोन्याच्या भावाची नाही. यंत्रातून चिठ्ठी घ्यावी, नेमून दिलेल्या गाडीत बसावे, मीटर टाकायला लावावा. २०२३च्या दराने लहान गाडीचा मीटर ३५ बाथपासून धावतो. वर विमानतळाचा जादा आकार आणि टोल. 'मीटर बिघडलाय' म्हणणाऱ्याला नमस्कार करून उतरावे. इथवरचे शिक्षण आपल्याला घरीच मिळालेले असते!

खरी कला पुढे आहे. १७८२ साली पहिल्या रामाने बांधायला घेतलेल्या राजवाड्याजवळ मला एक सज्जन भेटले. कडक इस्त्रीचा सदरा, मृदू वाणी. आपल्याकडच्या लग्नात मुलाचे मामा म्हणून सहज खपावेत. "आज राजवाडा बंद. पूजा आहे. ही टुकटुक वीस बाथांत सारे शहर दाखवील."

वीस बाथांत पेट्रोलही निघत नाही. ते निघते रत्नांच्या दुकानात. गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला पेट्रोलची कुपने नाहीतर दलाली, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात चढ्या भावाचे हलके माणिक.

"बरे तर, बंद दरवाजाच पाहून येतो," म्हणून मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. माणसांची रीघ आत चालली होती! वळून पाहतो तो एक मराठी जोडपे त्याच टुकटुकीत बसलेले. लेकीच्या लग्नाला माणकाची अंगठी घेऊ, असे काकू म्हणत होत्या.

"काका, उतरा! वाडा उघडा आहे!" मी ओरडलो.

आधी काकूच उतरल्या.