घरात न आलेली बंदूक

माझे वडील सत्तरी ओलांडून, नातवंडं खेळवून गेले. याचं श्रेय मी बोईसरच्या एका बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला देतो. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन इकडे आलेले. आम्ही त्यांना फौजीकाका म्हणायचो. बारा बोअरची ती बंदूक बँकेची नव्हती, त्यांची स्वतःची होती. परवानाही त्यांच्याच नावाचा. गनमनच्या नोकरीत बंदूक हेच भांडवल.

ड्युटी संपली की ते नळी मोडत, दोन्ही काडतुसं काढून शर्टाच्या खिशात टाकत आणि रिकाम्या नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघत. हाताला ठाऊक असलं तरी डोळ्यांनी पाहायचंच. आम्ही पोरं जवळ गेलो की आधी नळी जमिनीकडे वळे, मग काका बोलत.

चिंचणीत आमचा डाय बनवायचा धंदा. पोलादात नक्षी कोरायची, तिच्यावर दागिन्यांचे छाप उठतात. शेजारच्या आळीत घरफोडी झाली तसं बाबांनी परवाना काढायचं मनावर घेतलं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे कागद ठाण्याला जायचे. कोणती बंदूक घ्यावी, हे विचारायला बाबांनी काकांना घरी बोलावलं.

काका म्हणाले, "भाऊ, चोर आला तर एखाद्या रात्री येईल. बंदूक रोज घरात असणार. तुमचं डोकं फिरलेलं असेल त्या दिवशीही, आणि जीव नकोसा होईल त्या रात्रीही."

बाबांना ते आवडलं नाही. ज्याची रोजीरोटीच बंदुकीवर, त्यानं दुसऱ्याला नको म्हणावं? बराच वाद झाला. काका हटले नाहीत. शेवटी अर्ज राहिला आणि पडवीला लोखंडी जाळी बसली.

पुढे धंदा बसला. उधारी अडकली, कारागीर सोडून गेले, आणि एका पावसाळ्यात बाबा बोलेनासे झाले. औषधोपचारानं, आईच्या राखणीनं ते त्यातून बाहेर आले. खूप वर्षांनी आईनं सांगितलं की त्या दिवसांत ते तिला एकदा म्हणाले होते, "तेव्हा बंदूक घेतली असती तर बरं झालं असतं."

हे ऐकल्यापासून देशोदेशीचे बंदुकांचे आकडे मी वेगळ्या नजरेनं वाचू लागलो. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हाच्या संस्थेचा 2017 चा अंदाज असा: अमेरिकेत दर 100 माणसांमागे नागरिकांकडे सुमारे 120 बंदुका, स्वित्झर्लंडमध्ये 28 च्या आसपास, होंडुरासमध्ये 14, भारतात 5, जपानमध्ये एकसुद्धा नाही. आता खून बघा. स्वित्झर्लंडमध्ये वर्षाला लाखामागे एकही भरत नाही. त्याच्या निम्म्या बंदुका असलेल्या होंडुरासमध्ये 2017 साली ते तीसच्या वर होते, कारण तिथे टोळ्या आहेत, अमली पदार्थांचा मार्ग आहे, आणि तपास लागत नाही. भारतात हा आकडा दोनाच्या थोडा वर. म्हणजे बंदुका मोजून खुनाचा अंदाज सरळ बांधता येत नाही.

आमच्याच पालघर जिल्ह्यात पाहा. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक जमावानं अफवेवरून मारले, ते काठ्या-दगडांनी. अफवेला बंदूक लागली नाही. आणि 31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसनं पालघर सोडल्यावर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायानं सरकारी रायफलीनं आपल्या वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांतल्या तिघा मुसलमान प्रवाशांना मारल्याचा आरोप आहे. गडचिंचलेत माणसं मारायला जमाव लागला होता. इथे आरोप एकट्यावर आहे. परवाना कुणाला द्यावा यावर आपण वाद घालतो, पण ज्यांच्या हातात सरकारच शस्त्र देतं त्यांच्या मनात काय चाललंय हे नीट तपासलं जात नाही, याची मला मनापासून चीड येते.

पण काकांनी सांगितलेली गोष्ट खुनाच्या तक्त्यात सापडतच नाही. अमेरिकेत 2021 मध्ये बंदुकीनं 48 हजारांवर माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त स्वतःच्या हातानं. आणि ज्या स्वित्झर्लंडचं उदाहरण बंदूकप्रेमी देतात, तिथे सैनिक रायफल घरी ठेवतात. 2003 च्या सुधारणेत तिथली फौज जवळपास निम्मी झाली आणि कित्येक घरांतली रायफल गेली. त्यानंतर 18 ते 43 वयाच्या पुरुषांतल्या बंदुकीनं होणाऱ्या आत्महत्या घटल्या. घटीतला सुमारे पाचवा हिस्सा दुसऱ्या मार्गांकडे वळला असा संशोधकांचा हिशेब आहे, बाकीचे जगले. त्या जगलेल्यांत मला बाबा दिसतात.

काका नोकरी सोडून गावी गेले, तिथे मी त्यांना भेटायला गेलो. आईनं सांगितलेलं त्यांना सांगितलं, आणि स्वित्झर्लंडचंही. ते बराच वेळ शेताकडे बघत बसले आणि मग स्वित्झर्लंडचं पुन्हा सांगायला लावलं. काकांचं वय झालं होतं आणि थोरला मुलगा बंदूक स्वतःच्या नावावर करून मागत होता. घरात तरणा, तापट नातू. "हे मराठीत लिहून दे," काका म्हणाले, "माझं ऐकत नाही, कागद वाचेल."

ओसरीवर बसून मी पानभर लिहून दिलं, आकडे मोठ्या अक्षरांत. मुलगा माझ्यासमोर काही बोलला नाही. पण वारसाचा अर्ज त्यानं केला नाही, आणि त्या दिवाळीआधी काकांनी दुनळी आणि उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली.