पहिला परदेशप्रवास आणि नकाराची भाषा

छत्रपती संभाजीनगर आणि जपान यांचा संबंध आजचा नाही. आराई काम्पो हे जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून भारतात आले आणि पुढे अजिंठ्याला जाऊन त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. अलीकडच्या काळात अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपानने कर्जसाहाय्य दिले. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याची कल्पना भारत-जपान सहकार्यातून पुढे आली आणि आपले शेंद्रा-बिडकीन याच पट्ट्यात येते. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर कंपनीने येथील नियोजित कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. शहराजवळच्या गाडीवाट या गावी जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी परदेशी भाषा म्हणून जपानीची निवड केल्याची वार्ता २०२० मध्ये सर्वदूर पोहोचली होती. अशा शहरातील एखाद्या व्यापारी कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी जपानी भाषा शिकते, पुण्याला किंवा मुंबईला जाऊन परीक्षा देते आणि एके दिवशी तिकडे निघते, यात आता नवल उरलेले नाही.

तथापि या पहिल्या प्रवासाच्या वेळी घरात दोन चिंता असतात. आई-वडिलांना वाटते, तेथे खाण्यापिण्याचे नियम कसे पाळले जातील? मुलांना वाटते, सतत ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणत राहिलो तर आपल्याला कोण जवळ करील? दोन्ही चिंता रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर बऱ्याच अंशी भाषेतच आहे. जपानीच्या मान्यताप्राप्त परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत, पण त्यांपैकी एकीतही तोंडी परीक्षा नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती असले तरी बोलण्याची खरी परीक्षा पहिल्या प्रवासातच होते. त्या परीक्षेतील सर्वांत अवघड प्रश्न नकाराचा असतो. आपला नकार समोरच्याचे मन न दुखवता कसा सांगावा आणि समोरच्याचा न उच्चारलेला नकार कसा ओळखावा, या दोन गोष्टी ज्याला साधल्या त्याचा प्रवास सुखाचा होतो.

मराठी माणसाला या भाषेत प्रवेश करणे वाटते तितके कठीण नाही. जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. विभक्तीचे काम करणारे छोटे शब्द नामानंतर लागतात. ‘मी भात खातो’ या वाक्याचा क्रम न बदलता ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ असे वाक्य तयार होते. जपानी अक्षरमालेची प्रचलित मांडणी आ, ई, ऊ, ए, ओ या स्वरांनी सुरू होऊन क, स, त, न अशी पुढे जाते. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाची ती छाया आहे. आदरार्थी बोलण्याचे बारकावेही आपल्याला परके वाटत नाहीत. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक ज्या घरात लहानपणीच शिकवला जातो, त्या घरातील मुलांना जपानी आदरभाषेचे मर्म लवकर उमगते.

सावधगिरी हवी ती उच्चारांत. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि मधला स्वर लांबवून ‘ओबाऽसान’ म्हटले की होते आजी. ‘निकु’ म्हणजे मांस, तर ‘निन्निकु’ म्हणजे लसूण. घाईत अर्धवट उच्चारलेला शब्द उपाहारगृहात अनर्थ घडवू शकतो. म्हणून आहारासंबंधीची आठ-दहा वाक्ये व्याकरणाच्या इतर पाठांच्या आधी पाठ करावीत आणि एखाद्या जाणकाराला म्हणून दाखवावीत.

आता मुख्य अडचण पाहू. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून जपानमध्ये काम भागत नाही. ऐकणारा ताटातील मांसाचा तुकडा बाजूला काढतो आणि प्रामाणिकपणे समजतो की आपण पाहुण्याची सोय केली. परंतु तेथील बहुतेक रश्श्यांचा, सारांचा आणि सॉसचा पाया ‘दाशी’ असतो. हे दाशी पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या कापांपासून काढतात. मिसोचे सार, शेवयांचा रस्सा, भज्यांसारख्या तेंपुरासोबत येणारा सॉस, या साऱ्यांत ते असू शकते. बनवणाऱ्याच्या मते त्यात मासा नसतो, नुसती चव असते. येथे फसवणूक कोणाची नाही, शब्दाची व्याप्ती निराळी आहे. म्हणून आपण नियमाचे नाव सांगण्याऐवजी पदार्थांची नावे सांगावीत. ‘निकु मो, साकाना मो, तामागो मो ताबेमासेन’ म्हणजे मांस, मासे आणि अंडी खात नाही. ‘साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन’ म्हणजे माशाचे दाशीही चालत नाही. कांद्याला ‘तामानेगी’ म्हणतात आणि बटाट्याला ‘जागाइमो’. आपल्या दृष्टीने आणखी उपयोगी शब्द आहे ‘कोन्साई’. याचा अर्थ जमिनीखाली वाढणारी कंदमुळे. जी संकल्पना इंग्रजीत चार वाक्यांत समजवावी लागते, तिच्यासाठी जपानीत एक शब्द तयार आहे. कारण विचारले तर ‘शूक्यो नो रियू दे’, म्हणजे धर्माच्या कारणाने, एवढे पुरते. त्यावर कोणी वाद घालीत नाही.

हीच वाक्ये जपानी लिपीत सुवाच्य लिहून घेतलेला कागद खिशात असावा. तो वेटरच्या हाती दिला की तो थेट स्वयंपाकघरात जातो आणि उत्तर नेमके मिळते. दुकानातील बंद पाकिटांवर काही ठरावीक घटकांची नोंद बंधनकारक असते. त्यांत अंडे, दूध, गहू, कोळंबी यांचा समावेश आहे. मांस आणि मासे मात्र त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचता यायला हवी. मांस, मासा आणि अंडे यांची चित्राक्षरे विद्यार्थ्याने सर्वप्रथम ओळखीची करून घ्यावीत.

दुसरा प्रश्न सूर्यास्ताचा. आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहा-सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तोक्योत त्याच महिन्यात साडेचारलाच सूर्यास्त होतो. अनेक उपाहारगृहे दुपारच्या जेवणानंतर बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात. चौविहार पाळणाऱ्याला हिवाळ्यात बाहेर जेवण मिळणे म्हणूनच अवघड असते. जूनमध्ये मात्र सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि पहाट साडेचारलाच उजाडते. ज्यांना मुक्काम निवडण्याची मुभा आहे त्यांनी उन्हाळा निवडावा. ज्यांना हिवाळ्यातच जावे लागेल त्यांनी खाखरा, भाजणी, चटण्या, भाजलेले पोहे असा शिधा सोबत न्यावा. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि कच्चे धान्य यांना मात्र विमानतळावर वनस्पती-तपासणीचे नियम लागू होतात, ती सामग्री घरीच ठेवावी. डबा बाकावर किंवा लांब पल्ल्याच्या गाडीत खावा. शहरातील लोकलमध्ये किंवा चालता-चालता खाणे तेथे शिष्टसंमत नाही.

नकार द्यायचा तर तो केव्हा, यालाही महत्त्व आहे. जेवणापूर्वी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘मी नम्रपणे स्वीकारतो’. अन्न वाया गेले की ‘मोत्ताइनाई’ म्हणून हळहळतो. ताटात कण न टाकता, थाळी धुऊन ते पाणी पिणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ताट समोर आल्यावर दिलेला नकार यजमानाला सर्वाधिक बोचतो. तोच नकार चार दिवस आधी कळवला तर ती सोय ठरते. पारंपरिक निवासांत रात्रीचे जेवण भाड्यातच धरलेले असते. तेथे आरक्षण करतानाच आहार कळवावा किंवा ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना मुक्काम, मागावा. वाकायामा प्रांतातील कोयासान या पर्वतावर नवव्या शतकापासून बौद्ध मठ आहेत आणि यात्रेकरूंना मठांत राहता येते. तेथील ‘शोजिन र्‍योरी’ या आहारात मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मात्र त्यात मुळा, गाजर, कमळकंद आणि अळिंबी सर्रास असतात, हे लक्षात ठेवून आधी बोलावे.

व्यवसायाच्या भोजनात मद्याचा प्रसंग येतो. पेला उचलून ‘कांपाई’ म्हणण्याची रीत आहे, पण पेल्यात काय असावे याचा आग्रह आता फारसा नसतो. ऊरोंचा हा थंड चहा मागवून त्या रीतीत सहभागी होता येते. निमंत्रणच टाळण्यापेक्षा हे बरे, कारण व्यवहारातील विश्वास पुष्कळदा त्या बैठकीतच जुळतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. जपानी माणूस ‘नाही’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ असे म्हणून तो वाक्य अर्धे सोडतो. ‘मुझुकाशीइ देसु’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे म्हणतो. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, असे म्हणतो. शब्दकोशात या वाक्यांचा अर्थ नकार असा सापडणार नाही, पण व्यवहारात बहुधा तोच असतो. उलट बोलताना वारंवार येणारा ‘हाइ’ म्हणजे होकार असतोच असे नाही. ‘आपले ऐकतो आहे’ एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. गुलमंडीवर दुकान असलेल्याला हे नवे वाटू नये. ‘जरा फिरून येतो’, ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणणारे गिऱ्हाईक परत येणार की नाही, हे गादीवर बसलेल्याला त्याची पाठ फिरण्याआधीच कळते. तीच जाण तिकडे न्यावी. ‘अवघड आहे’ असे ऐकल्यावर भाव कमी करून पुन्हा पुन्हा विचारू नये. थांबावे, विषय बदलावा आणि पुढच्या भेटीची वाट मोकळी ठेवावी.

काही लहान रीती सांभाळल्या की पुढचे संभाषण सोपे होते. घरात आणि पारंपरिक निवासात पादत्राणे उंबऱ्याशी काढावीत. स्वच्छतागृहासाठी निराळ्या सपाता असतात, त्या घालून बाहेर येऊ नये. भेटपत्र दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे आणि वाचल्याविना खिशात टाकू नये. रेल्वेत दूरध्वनीवर बोलू नये. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नयेत, ती रीत मृतासाठीच्या भाताची आहे. भेटीदाखल आपल्या शहराची ओळख सांगणारी हिमरूची एखादी छोटी वस्तू न्यावी, पण चार नगांचा संच देऊ नये. चार या आकड्याचा एक उच्चार ‘मृत्यू’ या शब्दासारखा आहे.

नियम पाळणारा परदेशात एकटा पडतो, हे भय जुने आहे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये सुरुवातीला त्यांची उपासमार झाली. पण शाकाहारी भोजनालयाच्या शोधातून त्यांना पुस्तके मिळाली, शाकाहारी मंडळाचे स्नेही मिळाले आणि १८९१ मध्ये त्याच मंडळींच्या साप्ताहिकात त्यांचे पहिले इंग्रजी लेख प्रसिद्ध झाले. परक्या भाषेत लिहिण्याचा त्यांचा सराव त्या प्रतिज्ञेच्या आधाराने घडला.

जपानमध्येही असा दाखला आहे. १९२३ च्या महाभूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबे बंदरात स्थिरावले. त्या संकटात मिळालेल्या साहाय्याची कृतज्ञता म्हणून भारतीयांनी १९३९ मध्ये योकोहामाच्या यामाशिता उद्यानात पाणपोईचे स्मारक उभारले, ते आजही पाहता येते. कोबेच्या कितानो भागात १९८५ पासून भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिर उभे आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेल्या कुटुंबांनी परक्या देशात आपले आचार सांभाळत पेढ्या चालवल्या, त्याची ती साक्ष आहे. पहिल्या प्रवासात एक दिवस कोबेसाठी राखावा. देवदर्शन तर होईलच, शिवाय कोणत्या दुकानात काय मिळते आणि कोणते वाक्य कोठे कामी येते, हे तेथील अनुभवी मंडळींइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही.

आपल्याकडे भाषा समितीचा उपदेश लहानपणापासून कानावर पडतो: बोलावे ते हितकारक, मोजके आणि प्रिय. जपानीच्या वहीत पहिल्या पानावर आहाराची वाक्ये लिहिताना विद्यार्थ्याने ती याच कसोटीवर घासून पाहावीत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वी ती त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावीत.