रविवार कुठल्या वारी येतो

आमच्या घरी रविवार कुठल्या वारी येतो ते कंपनीच्या शिफ्टच्या तक्त्यावर ठरतं. पहिली पाळी लागली की उपासना बुडाली. रात्रपाळी असली तर डोळे चोळत थेट मंडळीत जाऊन बसायचं, आणि उपदेश दुसऱ्या मुद्द्यावर आला की मान आपोआप खाली जाते. शेजारच्या काकूंना वाटतं, पोरगी प्रार्थनेत गढली. त्या हळूच पाठीवर हात ठेवतात. पाळकसाहेबांना खरं काय ते कळतं, पण ते बोलत नाहीत. समोर बसलेल्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या पाळीवरून आलेले असतात आणि बाकीचे पाळीवर जायचे असतात.

खेरडी हे दादरा-नगर हवेलीतलं गाव. घरात आम्ही वारली बोलतो, शाळा मराठीत झाली, बाजार गुजरातीत चालतो आणि कंपनीत सुपरवायझर हिंदीत रागावतो. करसवलतीच्या ओढीनं सिल्वासाभोवती धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने उभे राहिले. आमची पिढी त्यांत कामाला लागली. मी पॉलिएस्टर धाग्याच्या तपासणीत आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. हे झालं मापाचं. पण माझं आवडतं काम दुसरंच आहे. बॉबिनचा धागा घेऊन छोट्या यंत्रावर मोज्यासारखी लांब नळी विणायची, एका बॉबिनचा तुकडा संपला की दुसरीचा जोडायचा, आणि सगळी नळी एकाच रंगात बुडवायची. पांढरे असताना सगळे धागे सारखेच दिसतात. रंगातून वर काढल्यावर मात्र एखादा पट्टा फिका, एखादा गडद उमटतो. खिडकीच्या उजेडात ती नळी ताणून धरायची आणि कुठला पट्टा कुठल्या बॉबिनचा ते लिहायचं. घराकडेही माझी नजर आता तशीच जाते.

आमच्या घरात पट्टे बरेच. ख्रिस्ती म्हटलं की सिल्वासात लोक विचारतात, “म्हणजे पोर्तुगीजांपासून?” त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. पोर्तुगीजांना हा मुलूख १७८३ ते ८५ या काळात पेशव्यांकडून मिळाला आणि २ ऑगस्ट १९५४ला तो सुटला; सिल्वासातलं पिएदाद मातेचं चर्च त्यांच्याच काळातलं, १८९७ सालचं. ते आजही गोवा-दमणच्या महाधर्मप्रांतात मोडतं. नाताळात आम्ही तिथला गोठा बघायला जातो, पण पाहुण्यासारखे. आमच्या घरी विश्वास आला तो गव्हर्नराच्या हुकमानं नव्हे, आजीच्या लग्नाच्या बोचक्यातून. आजी डहाणूकडची. तिकडे ब्रेदरन मिशनची शाळा आणि दवाखाना होता. तिच्या बोचक्यात दोन लुगडी, एक पितळी तांब्या आणि मराठी बायबल होतं. तिला स्वतःला अडखळत वाचता यायचं. आजोबांना अजिबात नाही, आणि त्यांना त्या पुस्तकात रसही नव्हता. त्यांचे देव वेगळे होते: हिरवा, हिमाय, वाघदेव, आणि धान्याची कणसरी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूनं आहे. तिथे नवरा आधी ख्रिस्ती झाला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधल्या पाच वर्षांत ताटातूट, माहेरच्यांचा आकांत, मग पुन्हा एकत्र येणं. मिशनच्या आवारात राहायला आल्यावरही बाईंनी आपलं सोवळं सुरुवातीला सोडलं नव्हतं. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक एका रात्रीच्या असतात: अमक्या दिवशी प्रकाश दिसला, तमक्या दिवशी जुनं सगळं टाकलं. साक्ष द्यायला उभं राहिलं की तशीच सांगावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं होतं. लक्ष्मीबाई मात्र चुलीपासून सांगतात, भांडणं सांगतात, स्वतःवर हसतात. विश्वास घरात कसा शिरतो, हे मला कुठल्याही उपदेशापेक्षा त्या पुस्तकात जास्त खरं वाटलं.

आजीचं असंच. तिनं आजोबांना कधी काही सांगितलं नाही. भगताला घरात बोलावू दिलं नाही आणि देवाच्या नावानं दारू शिंपडू दिली नाही, एवढंच. बाकी सगळं तिनं आपल्या अकलेनं निवडलं. आमच्या लोकांत नवा भात कापून आला तरी लगेच शिजवत नाहीत. आधी देवाला दाखवायचा, मग खायचा. आजीनं तो थांबा ठेवला. फक्त पहिली ओंजळ सुपात घालून ती मंडळीत घेऊन जायची. त्या वेळचे पाळक म्हणे नाराज झाले होते, ही जुनीच चाल नव्या कपड्यात आणली म्हणून. आजी म्हणाली, “कणीस त्यानंच दिलं ना? मग आधी त्यालाच दाखवायला लाज कसली?” पाळक शिकलेले होते, पण त्यांना उत्तर सुचलं नाही. पुढे कधीतरी मी लेवीय वाचताना तेविसावा अध्याय आला. पिकाची पहिली पेंढी याजकाकडे न्या आणि ती नेईपर्यंत नवं धान्य भाजकंही खाऊ नका, असा तिथे इस्राएली शेतकऱ्यांना नियमच घालून दिलाय. आजीनं लेवीय वाचलेलं असण्याची शक्यता कमी. तिथवर पोचायला निर्गमातली सगळी मंडपाची मापं ओलांडावी लागतात.

आई आली ती कणसरीच्या घरातून. सासूच्या देवाला तिनं लग्नानंतर चार-पाच पावसाळे लांबूनच पाहिलं, मग आपणहून बाप्तिस्मा घेतला. का घेतला, असं मी विचारलं की ती म्हणते, “तुझी आजी आजाऱ्याजवळ बसायची. नुसती बसायची. मला ते आवडलं.” यापलीकडे तिची साक्ष नाही. मंडळीत उभी राहून सांगितली तर अर्ध्या मिनिटात संपेल.

तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या मामाकडे, अजून सगळं जुन्या रीतीनं होतं. तिथे लग्न असलं की आदल्या दिवशी आई आणि मामी तांदूळ भिजत घालतात. पाटा घेऊन दोघी समोरासमोर बसतात, एक वाटते, दुसरी पाणी शिंपते. तांदळाचं ते पांढरं पाणी चौकासाठी असतं. चौक म्हणजे आता दिवाणखान्यात टांगतात तसलं वारली चित्र नव्हे. भिंत शेणामातीनं सारवून, गेरूनं रंगवून, सवाशिणी त्यावर चौकट काढतात आणि मध्ये पालघाट देवी बसवतात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेघ जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता आमच्या कंपनीच्या कँटीनच्या भिंतीवरही तारपा नाचतोय, तोही प्लास्टिक पेंटमध्ये. पण मामीच्या भिंतीवरची रेघ बघायला काढलेली नसते. वाटण झालं की आई हात धुते आणि मागच्या पडवीत भाताच्या टोपाजवळ जाऊन बसते. तिनं चौकाला हात लावायचा नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. मामीही “ये” म्हणत नाही आणि “जा” म्हणत नाही. चौक पुरा झाल्यावर पोरं जेवायला बसतात, तेव्हा पहिला द्रोण ती आईकडे पाठवते, चव बघायला. मीठ बरोबर असतंच. तरी आई दर वेळी म्हणते, थोडं घाल.

मंडळीतल्या काहींना हे पटत नाही. एका सभेला बाहेरून आलेल्या वक्त्यांनी आम्हाला बजावलं होतं की, असल्या लग्नाला जायचंच नाही, तिथलं खायचंही नाही. मामाच्या गावातही आता दुसऱ्या बाजूनं तसंच बोलणारे येतात: जे ख्रिस्ती झाले ते आपले राहिले नाहीत, त्यांचे जमातीचे दाखले काढून घ्या. ‘डिलिस्टिंग’ हा इंग्रजी शब्द आमच्याकडे आता भात लावणाऱ्या बायकांनाही माहीत झालाय. कायदा काय आहे ते मी नीट वाचून घेतलं. दादरा-नगर हवेलीसाठी १९६२ सालचा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्यात धोडिया, दुबळा, काथोडी, कोकणा, ढोर कोळी, नायका आणि वारली अशा सात जमातींची नावं आहेत. धर्माची अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, जमातींच्या आदेशात नाही. म्हणजे मी वारली आहे ती आजोबा वारली म्हणून. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बाप्तिस्म्यानं आवणीच्या दिवसांत पाठ कमी दुखते असं काही नाही. चिखल सगळ्यांना सारखाच लागतो.

दोन्ही बाजूंच्या या माणसांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, ते म्हणजे घर स्वच्छ कापता येतं यावर. आजीनं ते कधी कापलं नाही. काय ठेवायचं, काय सोडायचं हे ती एकेका सणाला, एकेका आजारपणाला, एकेका लग्नाला ठरवत गेली, आणि प्रत्येक वेळी नात्यातलं माणूस तुटणार नाही एवढं बघितलं. शिकलेल्यांना हे गोंधळाचं वाटतं. मला तर वाटतं की आमच्या घरातली खरी धर्मपंडित तीच होती. आजोबांनी शेवटच्या आजारात स्वतःहून तिला वाचायला सांगितलं. ती स्तोत्रं वाचायची, अडखळत; ते मध्येच विचारायचे, “हा मेंढपाळ कुठला?” बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. आजी म्हणायची, त्याचं आणि देवाचं ते बघतील.

आता माझ्या लग्नाचं चाललंय. आईला मुलगा ‘आपल्यातला’ हवा, आणि या एका मागणीत दोन मागण्या आहेत. वारली हवा आणि विश्वासी हवा. २०११च्या जनगणनेत या सगळ्या प्रदेशात ख्रिस्ती शेकडा दीडच होते, तेही गोव्याचे, केरळचे, झारखंडचे धरून. तेव्हा आईची शोधाशोध डहाणू, तलासरी, वलसाडपर्यंत पोचली आहे. एक स्थळ चांगलं होतं, पण मुलाकडच्यांनी विचारलं, मामाकडे जाणं-येणं आहे का अजून? बाबा एरवी बोलत नाहीत. ते नाताळ सोडला तर देवळातही फारसे दिसत नाहीत, त्यांचा देवाशी जो काही वाद असतो तो बांधावर उभं राहून, आभाळाकडे बघत चालतो. पण त्या दिवशी ते म्हणाले, “आहे. आणि राहणार.” चहा झाला, पाहुणे गेले, निरोप आला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं, मुलगा हसायचा छान.

मी प्रार्थना करते ती बहुतेक कंपनीच्या बसमध्ये. पहाटेच्या पाळीला सगळे पेंगत असतात, ड्रायव्हर गुजराती भजनं लावतो, आणि त्या आवाजात मी आपलं मराठीतून मागून घेते: बाबांचा गुडघा, भावाची नोकरी, मशीन बंद न पडो. मोठ्या गोष्टी मागायला धीर होत नाही. उत्तर मिळतं का, असं एका मैत्रिणीनं विचारलं होतं. गुडघा अजून दुखतोय. पण बाबांच्या गुडघ्याचा विचार मी रोज करते, हे तरी त्यामुळे होतं.

भात झोडून झाला की आमच्या मंडळीत कापणीची उपासना असते. त्या दिवशी ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो आणतो: भाताची पेंढी, नागली, काकड्या, तुरीच्या शेंगा, एखादी कोंबडी पाय बांधून. सगळं वेदीपुढे मांडतात, त्यावर प्रार्थना होते, आणि मग बाहेर मांडवात लिलाव लागतो. लिलाव पुकारणारे आमचे एक वडील एरवी इतके मितभाषी, पण त्या दिवशी बाजारातल्या दलालाला लाजवतील. अंड्याला शंभर रुपये येतात. घेणारा ते परत दान करतो, पुन्हा बोली लागते, आणि एकच अंडं दुपारपर्यंत चार घरांत जाऊन येतं. आजी गेल्यापासून आमच्या घरची पहिली ओंजळ मी नेते. मामी दर वर्षी तिच्या परसातला एक भोपळा माझ्याबरोबर पाठवते. ती स्वतः आत येत नाही, पण भोपळा कितीला गेला ते संध्याकाळी फोन करून विचारते. भोपळा आहे मामीचा म्हणजे मोठाच. तुम्ही त्या दिवसांत खेरडीकडे आलात तर मांडवात जरूर बसा, मात्र मामीच्या भोपळ्यावर बोली लावल्याशिवाय उठू नका. आणि पैसे सुटे आणा.