आधी दार लावू नये

सिंगापूरला लेकीकडे दोन महिने राहून आले. नात शाळेत चिनी शिकते. दुपारी तिच्या शेजारी बसून मीही चौकटीच्या वहीत गिरवू लागले.

नियम ऐकायला सोपे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ उभीच्या आधी. अधिकाचं चिन्ह काढावं तसं 'दहा' जमलं. 'देश' मात्र आठ रेघांचं, चौकटीतलं अक्षर. मी आपला चौकोन पुरा करून आत भरायला गेले. नात म्हणाली, "आजी, दार आधीच लावलंस, आता आत कोण जाणार?" तळाची रेघ सगळ्यांत शेवटी! आपल्या शिरोरेघेसारखीच म्हणा ना.

"दिसतं तर तेच ना?" मी म्हटलं. तर तिने माझीच टोचणी मला परत केली. ती मराठी 'अ' उलटीकडून काढते म्हणून मी किती रागवायचे! खोटं कशाला सांगू, गप्पच बसले. मग वही मध्ये ठेवली. तिने 'अ' काढला, मी 'देश'. तिचा अजून उलटाच. आणि मी या वेळी दार लावायलाच विसरले.